विश्लेषण : हवा तीच, मग एकाचे हृदय तग धरते आणि दुसऱ्याचे का अडखळते? जॉन हॉल्डेन यांच्या आयुष्यभराच्या प्रयोगांतून काय कळले?

लेहला विमानाने उतरलेल्या पर्यटकांच्या गटात हे दृश्य नवे नाही. रोज धावायला जाणारा तरुण डोके धरून खोलीत पडलेला असतो आणि पन्नाशी ओलांडलेली त्याची मावशी बाहेर उन्हात चहा घेत बसलेली असते. दोघांच्या बोटांना ऑक्सिमीटर लावला, तर नाडीचे आकडेही निराळे येतात. उंची तीच, हवा तीच, मग शरीरे वेगळी का वागतात? ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन (१८६०-१९३६) आयुष्यभर या प्रश्नाच्या अवतीभवती काम करत राहिले. कोळशाच्या खाणी, अमेरिकेतील पर्वतशिखर आणि लंडनमधील दाबकक्ष या त्यांच्या प्रयोगशाळा होत्या. आणि प्रयोगासाठी पहिले शरीर बहुतेक वेळा त्यांचे स्वतःचेच असे.

कोण होते हॉल्डेन?

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरा येथे झाला. घराणे मातब्बर होते. थोरले बंधू रिचर्ड हे पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाले. जॉन यांनी एडिंबरा विद्यापीठातून १८८४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. डंडी शहरातील गरिबांच्या कोंदट घरांतील आणि शाळांतील हवेचे नमुने तपासण्यापासून त्यांनी सुरुवात केली. नंतर ते ऑक्सफर्डला आले आणि तेथेच स्थिरावले.

त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन हे नामवंत जनुकशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये ते भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. भारतीय वाचकांना मुलाचे नाव अधिक परिचित असले, तरी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याचे बाळकडू त्यांना वडिलांकडूनच मिळाले होते. लहानपणी वडिलांनी त्यांना खाणीत नेले आणि छताजवळ मिथेन साचलेल्या जागी उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणायला सांगितले. काही ओळींतच मुलगा खाली कोसळला. जमिनीलगत हवा चांगली असल्याने तो लगेच सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा त्याला पुन्हा शिकवावा लागला नाही.

खाणीतील मृत्यू नेमके कशाने होत?

२७ जानेवारी १८९६ रोजी साऊथ वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळसा खाणीत स्फोट झाला. त्यात ५७ कामगार मरण पावले. स्फोटाच्या दणक्याने किंवा आगीत भाजून माणसे मरतात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. हॉल्डेन यांनी मृतदेहांची आणि रक्ताची तपासणी केली. बहुतेकांचा बळी स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतला होता.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. परिणामी छातीत हवा खेळत असते, श्वास चालू असतो, पण रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. अनेक कामगार स्फोटातून वाचले होते आणि बाहेरच्या वाटेवर चालत असताना पडले होते. याचा अर्थ सुटकेला थोडा वेळ हाताशी होता. धोका वेळीच कळला असता, तर त्यातले काही जण वाचू शकले असते.

हृदयावर याचा परिणाम काय होतो?

त्याआधीच, १८९५ मध्ये, हॉल्डेन यांनी स्वतः हा वायू हुंगून पाहिला होता. मोजलेल्या प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ते घेत, बोटातून रक्ताचा थेंब काढत आणि किती हिमोग्लोबिन निकामी झाले ते तपासत. एका प्रयोगात त्यांनी हे प्रमाण ५६ टक्क्यांपर्यंत जाऊ दिले. स्वस्थ बसल्यावर फारसे काही जाणवत नसे, पण जरा हालचाल केली की धाप लागे, हृदय धडधडे आणि पाय लटपटत.

बसल्यावर ठीक आणि उठताच धडधड, असे का व्हावे? याचे उत्तर हृदयाच्या रचनेत आहे. विश्रांतीच्या वेळी शरीर एकूण रक्तातील ऑक्सिजनपैकी साधारण पाव हिस्साच वापरते, बाकीचा राखीव राहतो. हृदयाच्या स्नायूचे तसे नाही. त्याला मिळणाऱ्या रक्तातील बहुतांश ऑक्सिजन तो विश्रांतीतही खेचून घेत असतो. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन घटला की हृदयापुढे एकच मार्ग उरतो. स्वतःच्या रक्तवाहिन्या रुंदावून अधिक रक्त ओढून घ्यायचे. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत त्याला हे जमते. ज्याच्या वाहिन्यांत चरबीचे थर साचले आहेत, त्याला तेवढीच कमतरता जड जाते. माणसामाणसांतील फरकाची पहिली पायरी ही.

कॅनरी पक्षी खाणीत कसा आला?

या प्रयोगांच्या वेळी हॉल्डेन यांच्यासोबत पिंजऱ्यात उंदीर असे. तीच हवा घेऊन उंदीर कितीतरी आधी कोसळे. लहान प्राण्याचे हृदय आणि श्वास वेगाने चालतात, वजनाच्या मानाने तो खूप अधिक हवा घेतो आणि त्याचे रक्त वायूने लवकर भरते. खाणीत जाताना असा एखादा लहान प्राणी सोबत ठेवावा, अशी शिफारस हॉल्डेन यांनी केली. त्यातूनच कॅनरी पक्षी ब्रिटिश खाणींत आला आणि १९८६ पर्यंत राहिला. उंदरापेक्षा पक्षी बरा, कारण दांडीवरून तो पडला की अंधुक उजेडातही चटकन दिसतो.

एकच हवा वेगवेगळ्या शरीरांना वेगवेगळ्या वेळी गाठते, हे तत्त्व येथे प्रथमच हजारो कामगारांच्या रक्षणासाठी वापरले गेले.

पाइक्स पीकवर काय दिसले?

१९११ च्या उन्हाळ्यात ५१ वर्षांचे हॉल्डेन अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक या शिखरावर मुक्कामाला गेले. उंची सुमारे ४,३०० मीटर. हवेचा दाब, आणि त्याबरोबर प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन, समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. सोबत ऑक्सफर्डचे गॉर्डन डग्लस, येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि कोलोरॅडो कॉलेजचे एडवर्ड श्नायडर होते. शिखरापर्यंत दात्यांच्या रुळांवरून चढणारी रेल्वे होती, विश्रामगृह होते. चौघे तेथे पाच आठवडे राहिले.

त्यांचे स्वतःचे पहिले दोन-तीन दिवस वाईट गेले. ओठ निळे, डोके जड, पोटात मळमळ. मग हळूहळू श्वास खोल होत गेला, रक्तातील हिमोग्लोबिन वाढू लागले आणि तब्येत सुधारली. रात्री मात्र झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू होई. नाडी वाढली, पण सगळ्यांची सारखी नाही. कुणाचे शरीर श्वास वाढवून निभावून नेत होते, तर कुणाच्या हृदयावर जास्त भार पडत होता.

खरी प्रयोगशाळा मात्र रेल्वेच्या डब्यांतून रोज वर येत होती. पायथ्याहून थोड्याच वेळात शिखरावर पोहोचलेले शेकडो पर्यटक. त्यातले काही हसत-खेळत फिरत. काहींचे चेहरे पांढरेफटक पडत. कुणाला उलट्या होत, तर कुणी भोवळ येऊन पडे. वादळात सापडलेल्या बोटीवर जसे दिसावे तसे ते दृश्य असे. आणि बाहेरून पाहून कोण पडणार, हे सांगता येत नसे. धडधाकट दिसणारा आडवा होई, किरकोळ शरीराची व्यक्ती टिकून राही.

याच मोहिमेतील मेबल फिट्झजेराल्ड या संशोधिकेने शिखरावर न थांबता कोलोरॅडोतील खाणींच्या गावांत फिरून तेथे कायम राहणाऱ्यांचे श्वास आणि रक्त तपासले. उंचीवर रुजलेली शरीरे कशी असतात, याची ही मौल्यवान नोंद ठरली. स्त्री असल्याने त्या काळी त्यांना ऑक्सफर्डची पदवी मिळाली नव्हती. विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली ती १९७२ मध्ये, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी.

हा फरक नेमका कशामुळे पडतो?

याचे तपशील हॉल्डेन यांच्यानंतरच्या पिढ्यांनी उलगडले. मानेत कॅरॉटिड धमनीजवळ तांदळाच्या दाण्याएवढी एक संवेदक गाठ असते. रक्तातील ऑक्सिजन घटताच ती मेंदूला इशारा देते. मेंदू श्वास वाढवतो आणि हृदयाला गती देतो. या कामाबद्दल बेल्जियमचे कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले. ही गाठ प्रत्येकाची सारखी तिखट नसते. ज्याची सजग, तो लवकर आणि खोल श्वास घेतो आणि त्याच्या रक्तात अधिक ऑक्सिजन टिकतो. ज्याची मंद, त्याच्या रक्तातील ऑक्सिजन आणखी घसरतो. हा गुण बऱ्याच अंशी जन्मजात असतो. व्यायामाने तो कमावता येत नाही.

दुसरा फरक फुप्फुसांत असतो. शरीरातील इतर रक्तवाहिन्या ऑक्सिजन घटल्यावर रुंदावतात, फुप्फुसातील मात्र आकसतात. ऑइलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये हे मांजरांवर दाखवले. त्यामुळे हृदयाच्या उजव्या कप्प्याला जास्त जोर लावून रक्त ढकलावे लागते. काहींच्या वाहिन्या थोड्याच आकसतात, काहींच्या फार. या दुसऱ्या गटातील माणसांना उंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका अधिक असतो. पिढ्यानपिढ्या उंचावर राहिलेल्या तिबेटी लोकांत हे आकसणे सौम्य असल्याचे आढळले आहे.

तिसरा फरक हृदयाला आवरणाऱ्या आणि पळवणाऱ्या मज्जातंतूंचा. बहुतेकांची नाडी ऑक्सिजन घटल्यावर वाढते. काही जणांत मात्र एका टप्प्यानंतर ती एकाएकी मंदावते, रक्तदाब कोसळतो आणि माणूस बेशुद्ध पडतो.

वैमानिकांची परीक्षा कशी झाली?

या तिसऱ्या प्रकाराची किंमत पहिल्या महायुद्धात कळली. १५ ते २० हजार फुटांवर उघड्या विमानात बसलेल्या वैमानिकाला भोवळ आली, तर पुढे काय होणार हे उघड होते. त्या वेळी हॉल्डेन वायुहल्ल्यांच्या कामात बुडालेले होते. एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे जर्मनांनी सोडलेला वायू क्लोरिन असल्याची खातरजमा करायला त्यांना फ्रान्सला पाठवण्यात आले होते. वायूने फुप्फुसे जळलेल्या सैनिकांना ऑक्सिजन मोजून आणि सलग कसा द्यावा, याची पद्धत त्यांनी घालून दिली.

वैमानिकांचा प्रश्न अमेरिकेत हाती घेतला तो पाइक्स पीकवरील त्यांच्याच सहकाऱ्यांनी. हेंडरसन यांनी बंद भांड्यातील तीच ती हवा पुन्हा श्वासात घेण्याचे उपकरण बनवले. त्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला जाई आणि ऑक्सिजन हळूहळू घटत जाई. न्यूयॉर्कजवळील मिनिओला येथील लष्करी प्रयोगशाळेत श्नायडर आणि इतरांनी या उपकरणावर वैमानिकांची नाडी, श्वास आणि रक्तदाब मिनिटामिनिटाला नोंदवला. काहींचे हृदय शेवटपर्यंत स्थिर चाले आणि आधी मेंदू ढेपाळे. काहींचे हृदयच अचानक हार मानी. कुणाला उंच पाठवायचे आणि कुणाला खालीच ठेवायचे, हे अशा नोंदींवरून ठरू लागले. हृदयाच्या व्यक्तिगत स्वभावावर माणसाचे काम ठरण्याचे हे पहिले मोठे उदाहरण.

आरसा उलटा धरला, तेव्हा काय झाले?

युद्धाच्या अखेरच्या काळात हॉल्डेन यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील दाबकक्षात अलेक्झांडर केलास यांच्यासोबत प्रयोग केले. ते १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. केलास हे वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे स्कॉटिश प्राध्यापक. सिक्कीमच्या हिमालयात ते वर्षानुवर्षे चढाया करत. ७,१२८ मीटर उंचीच्या पाऊहुनरीवर ते १९११ मध्ये पोहोचले होते. शेर्पांचे सामर्थ्य आधी ओळखणाऱ्या युरोपीय गिर्यारोहकांपैकी ते एक होत.

दोघे एकाच पोलादी कक्षात बसले. हवेचा दाब ३२० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीच्या निम्म्याहून खाली आणला गेला. हॉल्डेन यांचे भान सुटत गेले. बाहेरून काहीही विचारले तरी दाब आहे तेथेच ठेवा, असेच ते सांगत राहिले. ओठ निळे झालेत का ते पाहायला त्यांनी आरसा उचलला आणि बराच वेळ त्याच्या मागच्या बाजूकडे पाहत राहिले. शेजारी बसलेले केलास तुलनेने शांतपणे नोंदी घेत होते. एकाच कक्षातली तीच हवा, पण एका शास्त्रज्ञाची बुद्धी बंद पडली होती आणि दुसऱ्याची चालू होती.

हॉल्डेन कुठे चुकले?

या फरकाचे स्पष्टीकरण देताना हॉल्डेन मात्र चुकले. उंचीवर फुप्फुसे स्वतःहून ऑक्सिजन रक्तात ढकलतात आणि सराव झालेल्या माणसात हे अधिक जोमाने होते, असे त्यांचे मत होते. डेन्मार्कच्या ऑगस्ट आणि मारी क्रोग दांपत्याने १९१० मध्येच हे खोडून काढले होते. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये काचेच्या कक्षात विरळ हवेत सहा दिवस काढले आणि अखेरीस स्वतःच्या मनगटाची धमनी उघडून त्यातले रक्त तपासू दिले. ऑक्सिजन ढकलला जात नाही, तो केवळ अधिक दाबाकडून कमी दाबाकडे झिरपतो, हे त्यातून पुन्हा सिद्ध झाले. हॉल्डेन यांनी हे अखेरपर्यंत मान्य केले नाही.

निष्कर्ष चुकला, तरी निरीक्षण खरे होते. सरावलेले आणि न सरावलेले शरीर वेगळे वागते. फक्त त्याचे कारण श्वास, रक्त आणि हृदय यांच्यात होते. फुप्फुसे काही अधिकचे करत नव्हती.

केलास यांचे पुढे काय झाले?

कृत्रिम ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढणे उत्तम शरीराच्या आणि सराव झालेल्या माणसाला शक्य आहे, असे केलास यांनी हिशेब मांडून सांगितले होते. १९७८ मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पेटर हाबेलर यांनी ते खरे करून दाखवले. केलास मात्र १९२१ च्या पहिल्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेबरोबर निघाले, तेव्हा आधीच्या महिन्यांतील चढायांनी थकलेले होते. तिबेटच्या वाटेवर त्यांना आमांश झाला. ५ जून १९२१ रोजी कांपा झोंगजवळ ते हृदय बंद पडून गेले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. ज्या शिखरांवर ते चढले होते, ती दिसतील अशा जागी त्यांना पुरले.

दाबकक्षात सगळ्यांत टिकाऊ ठरलेला माणूस तुलनेने कमी उंचीवर गेला. हृदयाची सहनशक्ती ही जन्माची हमी नसते, हे त्यातून दिसते. आजार, जुलाबाने घटलेले पाणी, थकवा आणि अपुरी झोप यांनी त्याच माणसाचे हृदय महिन्याभरात वेगळे वागू शकते.

भारतात हे ज्ञान कुठे लागू पडले?

१९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातील हजारो जवान अल्पावधीत हिमालयात पोहोचवले गेले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी उंचीच्या आजाराने ग्रासलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. हे सगळे तरुण, निवडलेले, कसलेले जवान होते. तंदुरुस्ती हे कवच नाही, हे त्यातून जगाला कळले. टप्प्याटप्प्याने वर नेणे आणि मध्ये थांबवून सराव होऊ देणे, हा आज उंचीवरील तैनातीचा पाया आहे.

पर्यटकांनी यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, सोबत्याच्या नाडीशी आपली तुलना करू नये. लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, विमानाने गेल्यास पहिले दोन दिवस विश्रांतीचे ठेवावेत. त्यापुढे मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. गेल्या वर्षी काही झाले नाही म्हणून यंदा होणार नाही, असे धरून चालू नये. पूर्वी उंचीवर फुप्फुसात पाणी झालेल्यांना पुन्हा तो धोका असतो. हृदयविकार, फुप्फुसाचा आजार किंवा रक्तक्षय असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली, तर सहलीचे वेळापत्रक सोडून खाली उतरावे.

हॉल्डेन शेवटपर्यंत काम करत राहिले. तेलशुद्धीकरण कारखान्यांतील कामगारांना होणाऱ्या उष्माघाताचा अभ्यास करण्यासाठी पंचाहत्तरीत ते इराणला गेले. तेथून परतल्यावर मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. आपल्या शरीरावरून सगळ्यांचा नियम काढता येत नाही, हे स्वतःवर सर्वाधिक प्रयोग करणाऱ्या या शास्त्रज्ञाने जाणले होते. म्हणूनच त्यांच्या प्रयोगात शेजारी नेहमी दुसरे कुणीतरी असे. कधी उंदीर, कधी पोटचा मुलगा, कधी केलास.